सातचा भोंगा, कोयनेचं पाणी आणि खाशाबांची तीस मिनिटं

संध्याकाळचे सात वाजतात आणि मोहित्यांचे वडगावात देवळावरचा भोंगा वाजतो. सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यातलं हे तीनेक हजार वस्तीचं गाव, ऊस आणि साखर कारखान्यावर पोट भरणारं. भोंगा वाजला की घरोघरचे टीव्ही बंद आणि मोबाईल बाजूला. साडेआठला पुन्हा भोंगा, मग ज्याला जे बघायचं ते त्यानं बघावं. मधला दीड तास पोरांच्या अभ्यासाचा, मोठ्यांच्या वाचनाचा, नाहीतर ओट्यावरच्या गप्पांचा.

हे ठरलं १४ ऑगस्ट २०२२ च्या गावसभेत, स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी. कोरोनात शाळा मोबाईलवर आली होती. शाळा पुन्हा भरली, पण मोबाईल काही हातातून सुटला नाही. कल्पना पहिल्यांदा निघाली तेव्हा पुरुषांनी ती हसण्यावारी नेली. उचलून धरली ती बायकांनी. मालिकांचा नाद आपल्यालाही लागलाय, हे त्यांनी मोकळेपणानं कबूल केलं आणि बंद करायचं तर अख्ख्या गावानंच करू, असा धोशा लावला. सुरुवातीचे दिवस आशाताई, अंगणवाडीसेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक दारोदार फिरले, तेव्हा कुठे गावाला सवय लागली.

मला या गोष्टीतलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते ‘अख्ख्या गावानं’ हे दोन शब्द. एकट्यानं मोबाईल बंद ठेवला की आपलं काहीतरी हुकतंय अशी रुखरुख लागते. सगळ्यांचेच बंद असले की हुकायला काही उरतच नाही. कॅलिफोर्नियातल्या प्राध्यापक ग्लोरिया मार्क गेली वीसेक वर्षं माणसाचं लक्ष पडद्यावर किती टिकतं ते मोजत आल्या आहेत. २००४ च्या सुमारास एका गोष्टीवर सरासरी अडीच मिनिटं लक्ष राहायचं. पुढं ते ४७ सेकंदांवर आलं. म्हणजे गॅसवर ठेवलेल्या चहाला उकळी येईपर्यंत आपलं मन चार-पाच ठिकाणी जाऊन आलेलं असतं. अशा मनाला एकट्याच्या निर्धारावर बांधून ठेवणं फार अवघड. वडगावानं त्याला गावाचा आधार दिला.

गेलेलं पाणी परत येत नाही

आता पाटण तालुक्यात कोयनानगरला जाऊ. कोयना धरणाच्या शिवाजीसागर जलाशयाचं पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटात शिरतं, पोफळीच्या बाजूला यंत्रं फिरवतं आणि वाशिष्ठी नदीला मिळून समुद्राकडं निघून जातं. वीज झाली, पाणी गेलं. म्हणून पश्चिमेकडं वीजनिर्मितीसाठी वळवायच्या पाण्याला वर्षाची मर्यादा घातलेली आहे, ६७.५ टीएमसी. या पाण्याचा हिशेब १ जून ते ३१ मे असा चालतो.

कोयनेची क्षमता १,९६० मेगावॉटच्या घरात, पण ती सगळी यंत्रं चोवीस तास पूर्ण जोरात चालवत नाहीत. कोळशाची भट्टी पेटायला आणि तापायला वेळ लागतो, म्हणून ती जळतच ठेवावी लागते. जलविद्युत मात्र काही मिनिटांत सुरू होते आणि तितक्याच चटकन थांबते. त्यामुळे राज्याची मागणी चढते त्या तासांसाठी कोयना राखून ठेवतात. दिवे लागणीला घरोघरी बटणं पडतात तेव्हा तिची खरी गरज.

आपल्याही अंगात एक कोयना असते. कुणाची सकाळी सहाला भरलेली, कुणाची रात्री दहाला. आठवडाभर वहीत दर दोन तासांनी एवढंच लिहून बघा : डोकं आता ताजं आहे की जड? सातव्या दिवशी आपले भरतीचे तास डोळ्यांसमोर येतात. ते तास आलेल्या मेसेजना उत्तरं देण्यात घालवणं म्हणजे मागणी नसताना धरणाची दारं उघडणं.

तीन झटपट गोष्टी

मेंदूचं वजन शरीराच्या अवघं दोन टक्के. पण आपण स्वस्थ बसलेलो असतानाही शरीर खर्च करतं त्यातली सुमारे वीस टक्के ऊर्जा एकटा मेंदू घेतो. बैठं काम करून दमलेल्या माणसाला ‘बसून तर होतास’ म्हणू नये.

चहा-कॉफीतल्या कॅफिनचा निम्मा अंश उतरायलाच साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी पाचला घेतलेली कडक कॉफी रात्री दहाला अर्धी अंगातच असते.

आणि दुपारची पेंग ही नुसती जेवणामुळं येत नाही. न जेवलेल्या माणसालाही ती येते, कारण शरीरातल्या घड्याळाप्रमाणंच दुपारी तरतरी ओसरते. याच घड्याळाचं काम उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ चं नोबेल मिळालं. आपल्याकडं वामकुक्षीला आळशीपणा म्हणायची पद्धत आहे. तो शब्द मागं घ्यायला हवा.

औंधचा राजा, मिरजेचा धडा

औंध संस्थानचे भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी यांनी तरुणपणी युजेन सँडो या जगप्रसिद्ध पहिलवानाच्या पद्धतीनं व्यायाम केला. पुढं मिरजेच्या राजेसाहेबांमुळं ते सूर्यनमस्काराकडं वळले आणि जन्मभर त्याचेच झाले. संस्थानातल्या शाळांत त्यांनी नमस्कार सुरू केले, त्यावर पुस्तकं लिहिली, आणि १९३८ मध्ये त्यांची पद्धत सांगणारं इंग्रजी पुस्तक लंडनहून निघालं. आज परदेशातल्या योगवर्गांत सर्रास घातल्या जाणाऱ्या सूर्यनमस्काराच्या प्रसारात खटाव तालुक्यातल्या औंध या छोट्या गावाचा आणि मिरजेचा मोठा वाटा आहे. साहित्य काय लागतं? एक सतरंजी आणि अंथरुणातून उठायची इच्छा.

एकाच टाकानं

समर्थ रामदासांचा अखेरचा मुक्काम साताऱ्याजवळच्या सज्जनगडावर होता. त्यांचा दासबोध आपण पारायणाला घेतो, पण त्यात कामाच्या सवयींवर किती बारकाईनं लिहिलंय हे सहसा सांगितलं जात नाही. एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास निव्वळ हस्तलेखनावर आहे. कागद कसा असावा, टाक कसे असावेत, ओळींत अंतर किती ठेवावं, हे सगळं त्यात येतं. पहिलं अक्षर जसं काढलं तसंच ग्रंथ संपेपर्यंत राहावं, सगळं एकाच टाकानं लिहिलंय असं वाटावं, ही त्यांची कसोटी. शेवटच्या पानावर अक्षर विस्कटलं तर लिहिणारा दमलाय किंवा त्याचं मन उडालंय, हे लगेच कळतं. लक्ष मोजायचं याहून चोख यंत्र माझ्या पाहण्यात नाही. शिवाय तरुणपणी फार बारीक अक्षर काढू नका, म्हातारपणी ते वाचता येणार नाही, हेही समर्थांनी बजावून ठेवलंय.

अकराव्या दशकात दिनक्रमही आहे. पहाटे उठून काही पाठांतर करावं, आणि सकाळी बाहेर जाऊन परतताना काहीतरी घेऊन यावं, रिकाम्या हातानं येऊ नये. एका फेरीत दोन कामं उरकायची ही युक्ती साडेतीनशे वर्षं जुनी आहे.

सुतावर अडलेला सूर

मिरजेची तंतुवाद्यं जगभर जातात. हा धंदा उभा केला तो मूळच्या शिकलगारांनी, हत्यारांना धार लावणाऱ्यांनी. लढाया ओसरल्या, तलवारींचं काम सरलं, आणि १८५० च्या आसपास त्यांच्यातल्या फरीदसाहेबांनी तोच कसलेला हात तंबोऱ्याकडं वळवला. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

तंबोऱ्याची जवारी लागताना जवळ बसून पाहावं. तार ज्या घोडीवर टेकते तिचा माथा किंचित उतरता घासलेला असतो. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक धागा. तो धागा बोटानं केसभर पुढं सरकवायचा, तार छेडायची, ऐकायचं. पुन्हा केसभर मागं, पुन्हा छेडायची. बराच वेळ आवाज मुका येतो. मग एका जागी तार अचानक उघडते आणि गुंजत राहते. धागा एवढासा ढळला की सूर पुन्हा मिटतो. हे काम करणाऱ्याच्या कानाला दुसरीकडं जायची मुभाच नसते. डोळे उघडे असले तरी तो बघत काहीच नसतो.

तीनशेत एकवीस

क्रिकेटपटू विजय हजारे सांगलीचे. १९४३ च्या पंचरंगी सामन्यांच्या अंतिम फेरीत त्यांच्या रेस्ट संघावर हिंदू संघानं फॉलोऑन लादला. दुसऱ्या डावात संघाच्या ३८७ धावा झाल्या, त्यातल्या ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या. भाऊ विवेकबरोबर त्यांनी ३०० धावांची भागीदारी केली आणि त्या तीनशेत विवेकचा वाटा होता २१! सगळे हजाऱ्यांचं कौतुक करतात, करायलाच हवं. पण दुसरं टोक धरून, मोहात न पडता, थोरल्या भावाला खेळू देणाऱ्या विवेकची एकाग्रता मला तितकीच मोठी वाटते. हजाऱ्यांनी १९४८ मध्ये ॲडलेडला डॉन ब्रॅडमन यांच्या संघाविरुद्ध दोन्ही डावांत शतकं ठोकली, ११६ आणि १४५. एका कसोटीत असं करणारे ते पहिले भारतीय.

जाता जाता

कासच्या पठारावर टोपली कारवी दर सात वर्षांनी एकदाच फुलते. खडकावर मातीचा थर पातळ, त्यात मिळेल तेवढं साठवत राहायचं आणि मग एकदम उधळायचं.

महाबळेश्वर-पाचगणीच्या वाटेवरचं भिलार ४ मे २०१७ ला पुस्तकांचं गाव झालं. पंचवीस ठिकाणी, लोकांच्या राहत्या घरांतसुद्धा, मराठी पुस्तकं मांडली. कुणाच्याही ओसरीवर बसून तासभर वाचता येतं, विकत घ्यायची सक्ती नाही. फोन पिशवीत ठेवून जा.

माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावल्या आणि दहाव्या आल्या. या शर्यतीत २८ अडथळे आणि पाण्यावरच्या ७ उड्या असतात. पहिल्या फेरीतच दम संपवला तर शेवटचं पाणी ओलांडता येत नाही.

खाशाबांची तीस मिनिटं

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला गेले ते लोकवर्गणीवर. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले होते. तिथं जपानच्या शोहाची इशीशी त्यांची कुस्ती पंधरा मिनिटांहून जास्त रंगली. अंग घामानं निथळत असतानाच पुकारा झाला : पुढची कुस्ती लगेच, सोव्हिएत संघाच्या रशीद मामादबेयोवशी.

दोन कुस्त्यांमध्ये निदान तीस मिनिटांची विश्रांती, असा नियम होता. पण तो नियम पुढं करून भांडायला मैदानावर एकही भारतीय अधिकारी हजर नव्हता. थकलेले खाशाबा पुन्हा उतरले आणि हरले. वाट्याला कांस्यपदक आलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. गावाकडं परतताना शंभरावर बैलगाड्यांनी त्यांची मिरवणूक काढली आणि नेहमी थोड्या वेळात सरणाऱ्या रस्त्याला त्या दिवशी कित्येक तास लागले.

त्यांच्या ताकदीत काही कमी नव्हतं, डावांतही नव्हतं. हक्काची तीस मिनिटं मागून घेणारं माणूस तिथं असायला हवं होतं.