रेमंड, रेमों आणि मुसाराम
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

यवतमाळकरांना 'रेमंड' या नावाची ओळख करून द्यावी लागत नाही. सुटाच्या कापडामुळे ते देशभर पोचले होतेच. लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत डेनिमचा कारखाना आला, तेव्हा ते आपल्या रोजच्या बोलण्यात आले. पण एखादा शहाणा भेटतोच. तो सांगतो, हे फ्रेंच आडनाव आहे, खरा उच्चार 'रेमों', 'रेमंड' म्हणणे अडाणीपणाचे. मुलाखतीला निघालेला मुलगा अशा टोमण्याने उगाच बावरतो. म्हणून हे प्रकरण जरा नीट पाहू.

मुळात हे नाव फ्रेंचही नाही, जुन्या जर्मन बोलींतले आहे. 'रागिन' म्हणजे सल्लामसलत आणि 'मुंड' म्हणजे संरक्षण. फ्रान्समध्ये ते आधी व्यक्तीचे नाव होते. पुढे बापाचे नाव मुलांना चिकटले आणि आडनाव झाले. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले, त्यांच्याबरोबर ते तिकडे गेले. म्हणजे इंग्रजीत ते शेकडो वर्षांचे रहिवासी आहे. स्पेलिंग दोन्हीकडे एकच. इंग्रजांनी शेवटचा 'ड' उच्चारात ठेवला, फ्रेंचांनी तो फक्त लिहिण्यापुरता ठेवला. फ्रेंच 'मों' म्हणताना ओठ मिटायचे नाहीत. हिंदीतल्या 'क्यों'सारखा सूर नाकात सोडायचा. गंमत म्हणजे याच नावाचे स्त्रीरूप 'रेमोंद', आणि त्यात तो 'द' स्पष्ट ऐकू येतो!

हा फ्रेंच उच्चार आपल्या मुलखाच्या कानावर पूर्वी पडलेला आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस वऱ्हाड निजामाच्या राज्यात होते, वसुलात नागपूरकर भोसल्यांचा वाटा असे. त्या निजामाच्या कवायती फौजेचा सेनापती होता मिशेल रेमों. ११ मार्च १७९५ रोजी जामखेडजवळ खर्ड्याची लढाई झाली. तीत निजामाकडून रेमों आणि मराठ्यांच्या बाजूने शिंद्यांचा सरदार पेरों, असे दोन फ्रेंच समोरासमोर होते. रेमों १७९८ साली हैदराबादेत वारला. फ्रेंच लोक नावाआधी 'म्स्यो' लावतात, म्हणजे आपले 'श्रीयुत'. दख्खनी जिभेने त्याचे 'मुसा' केले. मराठी इतिहासातला 'मुसा बुसी' तो हाच. तसाच 'मुसा रेमों' हिंदूंच्या तोंडी 'मुसाराम' झाला, मुसलमानांच्या तोंडी 'मुसा रहीम'. हैदराबादचा मुसारामबाग हा भाग त्याच्याच नावाचा. यात 'ड' कुठेच नाही. लोकांनी स्पेलिंग पाहिलेले नव्हते, ऐकले तसे म्हटले. नावाला राम आणि रहीम दोन्ही मिळाले ते त्यामुळेच.

कापडाचे रेमंड मात्र या सेनापतीचे कोणी नव्हे. ठाण्याची लोकरी कापडाची गिरणी ससून कंपनीच्या हातात होती, तेव्हा त्या कंपनीत आल्बर्ट रेमंड आणि अब्राहम जेकब रेमंड हे संचालक होते. त्यांचे आडनाव १९२५ साली गिरणीला मिळाले. १९४४ मध्ये कैलाशपत सिंघानिया यांनी गिरणी घेतली, नाव तेच ठेवले. मुंबईच्या इंग्रजी व्यवहारातून आलेल्या या नावाचा उच्चार 'रेमंड' हाच. तिथे नाकातून 'रेमों' म्हणणे म्हणजे नसती ऐट! सेनापतीबद्दल बोलताना मात्र 'रेमों' म्हणावे. नाव ज्याचे, उच्चार त्याचा.

हाच न्याय आपल्यालाही हवा. वणी, पांढरकवडा भागात 'वार' शेवटी असलेली कितीतरी आडनावे आहेत. हे 'वार' तेलुगूतल्या आदरार्थी 'वारु'वरून आलेले; शेवटचा 'उ' आपण मराठीत गाळला. इंग्रजीत ते डब्ल्यू, ए, आर असे लिहितात, आणि परदेशी माणूस ते वाचतो 'वॉर', म्हणजे युद्ध! आदराचे थेट युद्ध झाले. अशा वेळी मुलांनी संकोच न करता 'वार' असा उच्चार करून दाखवावा. काही जण डब्ल्यूऐवजी व्ही किंवा दोन ए घालून पाहतात. त्याला हरकत नाही, पण शाळेचा दाखला, आधार आणि पासपोर्ट यांवर एकच स्पेलिंग असू द्यावे, नाहीतर कचेरीच्या चकरा चुकत नाहीत.