कल्पनेंतील हालचाल आणि खरी कंबरदुखी



हातांतली किल्ली निसटून जमिनीवर पडली आहे. वांकून ती उचलावयाची, एवढेंच काम. पण वर्ष-दोन वर्षें कंबरदुखीनें गांजलेल्या एखाद्या गृहस्थाकडे पाहा. तो प्रथम किल्लीकडे बघतो, मग भिंतीचा आधार शोधतो, श्वास रोखून धरतो, आणि शेवटीं नातवाला हांक मारतो. कंबर अद्याप वांकलेलीच नाहीं. परंतु वांकण्याच्या नुसत्या विचारानें पाठीचे स्नायू ताठ झाले आहेत. वांकण्यापूर्वींच्या या क्षणाविषयींच मला आज बोलावयाचें आहे.

कंबरदुखी ही कांहीं थोड्या दुर्दैवी लोकांची व्याधि नव्हे. सन २०२० मध्यें जगांतील सुमारें ६१ कोटी ९० लक्ष माणसांना ती होती. त्यांपैकीं शेंकडा नव्वदांच्या बाबतींत अमुक एक विकार हेंच कारण, असें बोट ठेवून सांगतां येत नाहीं. लचकलेला स्नायू बहुधा कांहीं आठवड्यांत बरा होतो. मग कित्येकांची वेदना वर्षानुवर्षें कां राहते?

याचें एक उत्तर असें कीं, वेदना हा केवळ जखमेचा निरोप नव्हे. शरीराकडून येणारे निरोप, पूर्वींचा अनुभव आणि मनांतील धास्ती या सर्वांचा विचार करून धोका आहे कीं नाहीं, हें मेंदू ठरवितो. ज्या घरांत एकदां चोरी झाली, तेथील राखणदार मांजर हाललें तरी ओरडूं लागतो. जुनाट कंबरदुखींत मेंदूची स्थिति कांहींशी अशीच होते. ओरड खोटी नसते. ती फार लवकर होते, इतकेंच.

आणखी एक गोष्ट आहे. मेंदूंत शरीराच्या निरनिराळ्या भागांची जणू नोंद असते, हें माँट्रियल येथील शस्त्रवैद्य पेनफील्ड व त्यांचे सहकारी यांनीं १९३७ सालीं दाखवून दिलें. पुढें लोरिमर मोझली या संशोधकानें जुनाट कंबरदुखीच्या कांहीं रुग्णांना आपली पाठ जशी जाणवते तशी रेखाटावयास सांगितलें. २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या निरीक्षणांत, दुखऱ्या भागाची कडा त्यांना नीट सांपडेना! नोंद पुसट झाल्यामुळें वेदना टिकते, कीं वेदनेमुळें नोंद पुसट होते, याचा निर्णय मात्र अद्याप लागलेला नाहीं.

येथें कल्पनेचा उपयोग होतो. एखादी हालचाल मनांत करतांना, ती प्रत्यक्ष करतांना जागे होणारे मेंदूचे पुष्कळसे भाग जागे होतात. १९९२ सालच्या एका प्रयोगांत करंगळीच्या स्नायूचें बळ प्रत्यक्ष व्यायामानें शेंकडा ३० नीं वाढलें, तर केवळ कल्पनेनें केलेल्या व्यायामानें शेंकडा २२ नीं!

उपचाराची रीत पायरीपायरीची आहे. प्रथम रुग्णास माणसांचीं चित्रें दाखवितात. चित्रांतील धड उजवीकडे वळलें आहे कीं डावीकडे, हें त्यानें ओळखावयाचें. मग डोळे मिटून, स्वस्थ पडून, आपण हळूहळू वांकत आहों अशी कल्पना करावयाची. नाटक पाहिल्याप्रमाणें बाहेरून पाहावयाचें नव्हे. पायांवरील भार आणि पाठीचा ताण आंतून अनुभवावयाचा. श्वास अडखळला किंवा दुखूं लागलें, तर कल्पनेंतील वांकणें कमी करावयाचें. हें महत्त्वाचें आहे, कारण कांहीं रुग्णांना नुसत्या कल्पनेनेंही खरी वेदना होते. शेवटीं प्रत्यक्ष हालचाल. आधीं बसल्याबसल्या थोडी, मग उभ्यानें, मग अधिक.

याचें फळ किती? सिडनी येथें २७६ रुग्णांवर झालेला एक प्रयोग २०२२ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत वेदनेविषयींचें शिक्षण, स्पर्श ओळखण्याचा सराव, कल्पित हालचाल आणि मग खरी हालचाल, असा बारा आठवड्यांचा क्रम होता. शून्य ते दहा या मापावर या गटाची वेदना ५.६ वरून ३.१ वर आली. लटका उपचार मिळालेल्या गटाची ५.८ वरून ४.१ वर. फरक सुमारें एका अंकाचा. हा चमत्कार नव्हे. आणि त्याचें श्रेय एकट्या कल्पनेला देतां येणार नाहीं. पण ज्याची रात्र कुशी बदलण्यांत जाते, त्याला एक अंकही लहान वाटत नाहीं.

दोन इशारे दिलेच पाहिजेत. पायांतील शक्ति कमी होणें, जांघेजवळ बधिरता, लघवी-शौचावरील ताबा जाणें, ताप, अकारण वजन घटणें किंवा पडल्यानंतर आलेलें दुखणें, यांपैकीं कांहीं असेल तर कल्पना करीत बसूं नये. तत्काळ डॉक्टरांकडे जावें. आणि दुसरा इशारा घरच्या मंडळींना: मेंदूच्या सरावानें वेदना उतरते, म्हणून ‘हें सारें तुमच्या मनाचेंच आहे’ असें कृपा करून म्हणूं नका. वेदना खरीच असते. अविश्वासानें माणूस एकटा पडतो, आणि एकटेपणानें धास्ती वाढते.

तेव्हां किल्ली पुन्हा पडली, तर ती लगबगीनें उचलून देण्यापूर्वीं क्षणभर थांबा. आजोबा डोळे मिटून उभे असतील, तर समजा कीं ते मनांत वांकून पाहत आहेत.