कातडी कशाने जगते?



यंत्रात हात सापडलेला कामगार इस्पितळात विचारतो, "कातडी पुन्हा धरेल ना?" आम्ही चळवळीतली माणसे त्याला नुकसानभरपाईचे कलम सांगतो, पण त्याच्या प्रश्नाचे उत्तर त्या पुस्तकात नसते. ते शोधताना जे वाचले, ते आपल्यापुढे ठेवतो.

हाड उघडे पडले असेल, तर वर नुसती पातळ कातडी लावून भागत नाही. तिला खालून रक्त मिळत नाही. म्हणून कातडी व तिच्याखालची चरबी असा जाड पट्टा उचलतात आणि त्याची एक बाजू शरीराला जोडलेलीच ठेवतात. हाच 'फ्लॅप'. जोडलेली बाजू हा त्याचा देठ. देठातून आलेले रक्त जिथवर पोचते तिथवर पट्टा जगतो. पुढचे टोक काळे पडते.

मग पट्टा लांब किती घ्यावा? रुंदीच्या फार तर दीड-दोन पट, असा जुना नियम होता. १९७० साली स्टुअर्ट मिल्टन या ब्रिटिश शल्यविशारदाने तो डुकरांवर तपासला. डुकराची कातडी माणसाप्रमाणेच खालच्या थराला घट्ट असते. रक्तपुरवठा सारखाच असलेले अरुंद व रुंद पट्टे त्यांनी उचलले. ते सारे सारख्याच लांबीपर्यंत जगले! देठ रुंद केल्याने टोकाकडे रक्त ढकलणारा दाब वाढत नाही. मात्र पट्ट्यातून लांबवर धावणारी रोहिणी देठात आली, तर अरुंद पट्टाही दूरवर जगतो.

याचा एक दाखला आपल्या पुण्याचाच आहे. टिपूच्या कैदेत नाक कापले गेलेल्या कावसजी या गाडीवानाला, विटा करणाऱ्या जातीतल्या एका माणसाने कपाळाच्या कातडीचे नाक बसवले. ती हकीकत १७९४ साली लंडनच्या मासिकात छापून आली. कपाळाच्या पट्ट्याचा देठ भुवयांजवळ अरुंदच असतो; पण त्यातून रोहिणी वर जाते.

१९७२ साली मॅकग्रेगर व जॅक्सन यांनी जांघेतला असाच पट्टा पुढे आणला. त्यासाठी जखमी हात जांघेशी सुमारे तीन आठवडे जखडून ठेवावा लागतो. तेवढ्यात हाताकडून नव्या रक्तवाहिन्या पट्ट्यात शिरतात. मग देठ कापतात. १९७३ साली ऑस्ट्रेलियात डॅनियल व टेलर यांनी देठ आधीच तोडून, सूक्ष्मदर्शकाखाली पट्ट्याच्या वाहिन्या पायाच्या वाहिन्यांना शिवल्या. जखडून ठेवण्याची गरज उरली नाही. पण त्याला तयार हात व साधने लागतात, आणि शिवलेली वाहिनी गोठली तर सारा पट्टा जाण्याची भीती असते.

ज्या गावी ही सोय नाही, तिथल्या कामगाराला तीन आठवडे पडून राहणे भागच आहे. मालकाने त्या रजेला आळस म्हटले, तर कार्यकर्त्याने उठून एवढेच सांगावे: हा माणूस रिकामा पडलेला नाही, त्याच्या हातात रक्ताची वाट तयार होत आहे.