एका आज्ञावलीनें दुसरीस काम सांगावें कसें?

संगणकावरील एकच आज्ञावली सारीं कामें स्वतः करीत नाहीं. चित्र लहान करावयाचें असो कीं फाइलींची दुसरी प्रत ठेवावयाची असो, त्या कामांत तरबेज असलेली दुसरी आज्ञावली ती बोलावते. अशा रीतीनें बोलावून कामास लावलेल्या आज्ञावलीस उपप्रक्रिया म्हणतात. काम कसें सांगावें, उत्तर कसें घ्यावें व काम बिघडल्यास तें कसें ओळखावें, हे यांतील तीन प्रश्न होत.

पायथन या संगणकभाषेंत याकरितां पूर्वीं अनेक साधनें होतीं व प्रत्येकाची रीत निराळी होती. पीटर ऑस्ट्रँड यांनीं २००३ सालीं एक प्रस्ताव मांडला. त्यांतून 'सबप्रोसेस' ही लायब्ररी निघाली आणि २००४ सालच्या पायथन २.४ या आवृत्तींत ती दाखल झाली.

पहिला प्रश्न निरोपाचा. जुन्या साधनांपैकीं कांहीं साधनें सारी आज्ञा एका ओळींत लिहून 'शेल' नांवाच्या दुभाष्याच्या हातीं देत. युनिक्स पद्धतीच्या संगणकावर या दुभाष्याच्या लेखीं मोकळी जागा म्हणजे शब्दाचा शेवट, आणि अर्धविराम म्हणजे एक आज्ञा संपून दुसरीचा आरंभ. एखाद्या गृहस्थानें फाइलीस 'जुना जमाखर्च' असें नांव दिलें, तर शेलला तेथें दोन फाइली दिसतात. कोणी दुष्टानें नांवांतच अर्धविराम घालून पुढें सर्व पुसून टाकण्याची आज्ञा लिहिली, तर शेल तीही इमानानें पाळतो! सबप्रोसेसनें हा दुभाष्या मधून काढला. आज्ञेचा प्रत्येक शब्द यादींत सुटा द्यावयाचा; तो जसाच्या तसा पलीकडे पोंचतो. शेल हवाच असेल, तर तसें स्पष्ट सांगावें लागतें.

दुसरा प्रश्न उत्तराचा. उपप्रक्रिया आपलें उत्तर एका नळीनें व तक्रारी दुसऱ्या नळीनें पाठविते. लिनक्सवर अशा नळींत सामान्यतः ६५,५३६ बाइट मावतात. ती भरली कीं लिहिणारास थांबावें लागतें. बोलावणारी आज्ञावली उत्तराच्या नळीशीं बसून राहिली आणि इकडे तक्रारींची नळी तुंबली, तर 'आधीं आपण' म्हणत दारांत खोळंबलेल्या दोन पाहुण्यांप्रमाणें दोघीही जागच्या जागीं अडतात. 'कम्युनिकेट' ही सोय दोन्ही नळ्या एकाच वेळीं रिकाम्या करीत जाते, म्हणून हा पेंच पडत नाहीं.

तिसरा प्रश्न परिणामाचा. काम संपतांना उपप्रक्रिया एक अंक मागें ठेवते. शून्य म्हणजे प्रायः यश. तो न पाहिल्यास अर्धवट राहिलेली प्रत पुरी झाली असें समजलें जातें, आणि मूळ फाइल नष्ट झाल्यावरच डोळे उघडतात. बोलावलेली आज्ञावली मुळांतच सांपडली नाहीं, तर सबप्रोसेस बोलावणारीसच तत्काळ कळविते. मुदत घालण्याची सोय २०१२ सालच्या ३.३ आवृत्तींत आली. २०१५ सालच्या ३.५ आवृत्तींतील 'रन' या एकाच क्रियेनें काम सांगणें, उत्तर घेणें व मुदत उलटल्यास उपप्रक्रिया बंद करणें हें सर्व साधतें. अपयशाचा अंक आल्यास काम थांबवावें, ही अट मात्र तिला मुद्दाम घालावी लागते.

साधन वापरणारा मनुष्य घाईंत असतो व सर्वांत जवळची वाट धरतो. ती वाटच निर्धोक करून ठेवावी आणि धोक्याची वाट मागितल्याखेरीज दाखवूं नये, हें या रचनेचें सार आहे.