अँटेना लहान होतो तेव्हा



दूरदर्शनच्या काळात अँटेना छपरावर असे, आणि पडद्यावर मुंग्या आल्या की कुणीतरी वर चढून तो फिरवीत असे. मोबाईलवर असे काही दिसत नाही, म्हणून त्याला अँटेना नसतोच असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात बोलण्याचा, वाय-फायचा, जीपीएसचा असे अनेक अँटेना त्यात दडलेले असतात. बहुधा त्या तांब्याच्या पातळ पट्ट्या असतात. आपल्या मलाजखंडच्या खाणीतले तांबेच म्हणा ना!

अडचण आहे मापाची. साधा अँटेना तरंगलांबीच्या साधारण चौथ्या हिश्श्याएवढा लागतो. ९०० मेगाहर्ट्झच्या लहरीची तरंगलांबी ३३ सेंटीमीटर. तिचा चौथा हिस्सा सव्वाआठ सेंटीमीटर. बॅटरी आणि कॅमेऱ्यांच्या दाटीत एवढी सरळ तार मावणार कुठे? म्हणून पट्टी दुमडतात, तिच्यात खाचा पाडतात. विजेचा प्रवाह वळसे घेत जातो आणि थोड्या जागेत त्याला लांब वाट मिळते.

पण हे फुकट मिळत नाही. अमेरिकेत लान जेन चू यांनी १९४८ मध्ये गणिताने दाखवले की, अँटेना फार लहान केला की तो मोजक्याच कंप्रतांवर नीट चालतो; जास्त कंप्रतांवर चालवायचा, तर काही ऊर्जा उष्णतेत घालवावी लागते. सगळेच एकदम साधत नाही. तडजोड कुठे करायची, हाच खरा प्रश्न.

इथे संगणक कामी येतो. केन यी यांनी १९६६ मध्ये एक पद्धत मांडली: जागेचे बारीक चौकोनी तुकडे कल्पायचे आणि प्रत्येक तुकड्यात मॅक्सवेलची समीकरणे क्षणाक्षणाला सोडवत जायचे. त्यामुळे तांबे कापण्याआधीच, पट्टीची कड मिलिमीटरभर सरकवली तर काय होईल, ते पडद्यावर दिसते. आपल्याकडेही हे काम झाले आहे. आयआयटी मुंबईचे गिरीश कुमार आणि मुंबईच्याच ‘समीर’ संस्थेचे के. पी. रे यांचा अशा पट्टी-अँटेनांवरचा इंग्रजी ग्रंथ २००३ मध्ये निघाला. त्यात गणिताने काढलेले आणि प्रत्यक्ष मोजलेले निकाल शेजारीशेजारी ठेवलेले आहेत.

डॉक्टर म्हणून मला पुढची गोष्ट महत्त्वाची वाटते. मोबाईल कधी एकटा नसतो. तो हातात आणि कानाशी असतो. शरीरातले पाणी आणि क्षार लहरी शोषतात. म्हणून संगणकात त्वचा, हाड, मेंदू यांचे वेगवेगळे गुणधर्म देऊन माणसाचे डोकेही मांडतात आणि त्यात किती ऊर्जा जिरते ते काढतात. भारतात १ सप्टेंबर २०१२ पासून ही मर्यादा किलोमागे १.६ वॅट आहे, तीही एक ग्रॅम ऊतींच्या सरासरीवर. शेवटचा निर्णय मात्र प्रयोगशाळेतल्या मोजमापाचाच.

आता आपल्या जिल्ह्याकडे पाहा. बैहर किंवा लांजीकडच्या जंगलात टॉवर दूर पडतो. तिथपर्यंत आवाज पोचवायला मोबाईल आपली शक्ती आपोआप वाढवतो. बॅटरी लवकर उतरते, आणि डोक्यात जिरणारा वाटाही वाढतो. म्हणून सिग्नलची एकच काडी दिसत असेल तेव्हा इअरफोन किंवा स्पीकर वापरा, बोलणे आटोपते घ्या, धातूचे कव्हर काढा, आणि मोबाईल मुठीत घट्ट आवळू नका. ज्या पट्टीसाठी कुणी मिलिमीटर-मिलिमीटरचा हिशेब केला, तिच्यावर आपणच हात ठेवून तो हिशेब बिघडवायचा कशाला?