मन आणि मेंदू (लेखांक ९) : नॉर्मल रिपोर्ट आणि खरा आजार

कॉलेजात जाणाऱ्या मुलाला कोणी नसताना आवाज ऐकू येऊ लागले, शेजारी पाळत ठेवतात असं तो म्हणू लागला, की घरचे हबकतात. नागपुरात रामदासपेठ-धंतोलीच्या दवाखान्यांच्या पट्ट्यात एमआरआय काढून घेणं आता अवघड राहिलेलं नाही, तेव्हा आधी तोच काढला जातो. रिपोर्ट नॉर्मल आला की दोनपैकी एक निष्कर्ष ठरलेला : पोरगा नाटक करतोय, नाहीतर हे बाहेरचं आहे. दोन्ही चूक आहेत. अशा भास-भ्रमांच्या आजारात, म्हणजे सायकोसिसमध्ये, मेंदूच्या रचनेत फरक आढळतो हे पक्कं आहे. आणि एकट्या रुग्णाच्या फिल्मवरून तो सहसा ओळखता येत नाही, हेही तितकंच पक्कं आहे.

मानकापूरचं प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ सालचं. तेव्हा जिवंत माणसाच्या मेंदूत डोकावण्याची सोय जगात कुठेच नव्हती. एक्स-रेचा शोधही तीस वर्षांहून अधिक काळ पुढे होता. १९२७ मध्ये जर्मनीत जेकोबी आणि विंकलर यांनी मेंदूभोवतीचा द्रव काढून तिथे हवा भरली, एक्स-रे घेतले, आणि स्किझोफ्रेनिया या सायकोसिसच्या प्रमुख आजाराच्या काही रुग्णांत मेंदूतल्या द्रवाच्या पोकळ्या रुंदावल्याचं नोंदवलं. ही तपासणी फार वेदनादायक होती. १९७६ मध्ये लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयात ईव्ह जॉनस्टोन आणि सहकाऱ्यांनी १७ जुन्या रुग्णांचे सीटी स्कॅन काढले, तेव्हा पुन्हा तेच दिसलं. पण मला सर्वांत बोलका वाटतो तो १९९० सालचा अमेरिकेतला अभ्यास. एकाला स्किझोफ्रेनिया आणि दुसरा निरोगी, अशा एकसारख्या जुळ्यांच्या १५ जोड्या त्यात होत्या. स्मृतीशी निगडित असलेल्या हिप्पोकॅम्पसचा डावीकडचा पुढचा भाग १४ जोड्यांत आजारी भावंडाचा लहान भरला. फोटो शेजारी-शेजारी ठेवल्यावर नुसत्या नजरेने आजारी कोण हे १२ जोड्यांत ओळखता आलं. विशेष म्हणजे आजारी भावंडाचा मेंदू एकटा पाहिला असता तर त्यातले बरेचसे नॉर्मलच्या मर्यादेत बसले असते. फरक दिसला, कारण ताडून पाहायला त्याच जनुकांचा दुसरा मेंदू शेजारी होता. आपल्या मुलाच्या फिल्मशेजारी ठेवायला अशी दुसरी फिल्म नसते.

मोठ्या आकड्यांतही हेच दिसतं. २०१६ मध्ये एनिग्मा या आंतरराष्ट्रीय गटाने २,०२८ रुग्ण आणि २,५४० निरोगी व्यक्तींचे एमआरआय एकत्र तपासले. सर्वांत ठळक फरक हिप्पोकॅम्पसमध्ये निघाला. पण तो इतकाच की एक रुग्ण आणि एक निरोगी माणूस अशा १०० जोड्या यदृच्छेने निवडल्या, तर साधारण ६३ जोड्यांत रुग्णाचा हिप्पोकॅम्पस लहान भरेल आणि ३७ जोड्यांत उलट. मे महिन्यात चंद्रपूर सरासरीने नागपूरपेक्षा जास्त तापतं, पण ४३ अंशांची एकच नोंद हातात देऊन ‘हे कुठलं गाव?’ विचारलं तर उत्तर देता येईल का? मग स्कॅन काढायचाच कशाला? गाठ, मेंदूज्वर, मेंदूला झालेली इजा यांतूनही भास-भ्रम होऊ शकतात, ती कारणं वगळण्यासाठी. सायकोसिसचं निदान मात्र रुग्णाशी आणि घरच्यांशी सविस्तर बोलून, लक्षणांचा कालक्रम लावूनच होतं.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे : मेंदू आकसतो तो औषधांमुळेच, मग गोळ्या कशाला? हा आक्षेप झटकून टाकणं अप्रामाणिकपणाचं होईल. २००५ मध्ये हॅलोपेरिडॉल किंवा ओलान्झापिन दीर्घकाळ दिलेल्या निरोगी माकडांच्या मेंदूचं वजन ८ ते ११ टक्के कमी भरलं. २०११ मध्ये नॅन्सी अँड्रिअसन यांच्या गटाने २११ रुग्णांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं, तेव्हा जास्त औषध आणि मेंदूचं कमी आकारमान यांचा संबंध दिसला. पण सायकोसिसवरचं पहिलं प्रभावी औषध, क्लोरप्रोमाझिन, वापरात आलं १९५२ मध्ये. जेकोबी-विंकलरना रुंद पोकळ्या दिसल्या त्याच्या २५ वर्षं आधी. बेंगळुरूच्या निम्हान्समध्येही एकही गोळी न घेतलेल्या रुग्णांत मेंदूच्या पुढच्या भागात फरक नोंदवले गेले आहेत. म्हणजे आजाराचा वाटा स्वतंत्र आहे आणि औषधाचाही काही वाटा असू शकतो. यातून निघतं ते एवढंच की डोस गरजेपुरता असावा आणि डॉक्टरांनी तो अधूनमधून तपासावा. गोळ्या परस्पर बंद केल्या तर आजार उलटण्याचा धोका बराच वाढतो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार सायकोसिसच्या सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत, हे ध्यानात घेतलं तर आपल्याकडची मोठी अडचण औषधांचा अतिरेक ही नाही.

आणि ‘आकसणं’ ऐकून अल्झायमर डोळ्यांपुढे आणू नये. त्यात मज्जापेशी मोठ्या प्रमाणावर मरतात. स्किझोफ्रेनियात पेशींची तशी सरसकट हानी आढळत नाही. कमी होतात ते मुख्यतः पेशींना जोडणारे धागे आणि सांधे. किशोरवयात मेंदू नको असलेले सांधे स्वतःच छाटतो. सी-४ या जनुकाच्या काही रूपांमुळे ही छाटणी प्रमाणाबाहेर जात असावी, असं २०१६ मधल्या संशोधनाने सुचवलं. आजार बहुधा सोळा ते तिशीतच का डोकं वर काढतो, याचा एक धागा इथे सापडतो. त्याविषयी पुढच्या आठवड्यात.