कांजिण्या झालेल्या लेकराची रात्र

‘खाजवू नको रे’ हे कांजिण्यांच्या दिवसांत घराघरांत सगळ्यात जास्त वेळा बोललं जाणारं आणि सगळ्यात कमी उपयोगाचं वाक्य असावं. चार वर्षांचं लेकरू ते ऐकतं, हात मागे घेतं आणि आईची पाठ वळली की मानेवरची पुटकुळी पुन्हा शोधतं. त्याला हट्टी ठरवण्यात अर्थ नाही. सॅम्युअल हाफेनरेफर या जर्मन वैद्याने १६६० मध्ये खाजेची व्याख्या केली, ती अशी की जी नकोशी वाटते आणि खाजवावंसं वाटायला लावते ती संवेदना. दुखलं की शरीर हात मागे ओढतं, खाजलं की तोच हात तिथे नेतं. मोठ्या माणसालाही हे आवरत नाही.

गेल्या शतकाच्या शेवटापर्यंत खाज म्हणजे सौम्य वेदनाच, असं बहुतेक वैद्यक मानून होतं. १९९७ मध्ये मार्टिन श्मेल्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या त्वचेत खाजेचा निरोप नेणारे वेगळे मज्जातंतू दाखवून दिले. अतिशय बारीक, आणि चालीला संथ. सेकंदाला जेमतेम अर्धा मीटर. कांजिण्यांचा विषाणू त्वचेच्या पेशींत शिरून त्या फोडतो, शरीराच्या संरक्षक पेशी तिथे धावतात, त्यांतून सुटलेली रसायनं या तंतूंना चेतवतात. नखाने ओरबाडलं की वेदनेचा निरोप मज्जारज्जूत पोहोचतो आणि खाजेचा निरोप तिथेच दबतो, म्हणून घटकाभर बरं वाटतं. पण ती वेदना शमवायला मेंदू सेरोटोनिन पाठवतो आणि घोळ तिथे होतो. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात झोउ-फेंग चेन यांच्या गटाने २०१४ मध्ये उंदरांवर दाखवलं की हेच सेरोटोनिन मज्जारज्जूत खाजेला नव्याने जोर देतं. शिवाय नखाने फुटलेल्या पेशींतून आणखी रसायनं सुटतात ती वेगळीच.

रात्री हे सगळं वाढतं. संध्याकाळनंतर शरीरातलं कॉर्टिसॉल उतरतं, तेच दिवसा दाहाला थोडा लगाम घालत असतं. अंथरुणात त्वचा तापते. आणि दिवसा खेळात, मोबाईलवरच्या गाण्यांत गुंतलेलं मन रात्री रिकामं असतं. दिवसभर बऱ्यापैकी असलेलं पोरगं रात्री अकराला रडायला लागलं, तर आजार बळावला असं समजून घाबरायचं कारण नाही.

औट्रम घाटाच्या माथ्यावरच्या कन्नड तालुक्यात काय किंवा बाकी मराठवाड्यात काय, कांजिण्यांचे दिवस म्हणजे थंडी सरताना ते उन्हाळ्याच्या तोंडाशी. अंगणवाडीतल्या एका पोराला उठल्या की दोनेक आठवडे शांतता असते आणि मग एकदम चार घरांतून निरोप येतो. विषाणू अंगात शिरल्यापासून पुरळ यायला १० ते २१ दिवस लागतात. पुरळ दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच लेकरू तो हवेतून वाटत असतं, शेवटच्या फोडावर खपली धरेपर्यंत. घरात ज्यांना आधी कांजिण्या झालेल्या नाहीत आणि लसही नाही, त्यांतल्या दहांपैकी नऊ जणांना त्या गाठतात. घरात नंतर आजारी पडणाऱ्या भावंडाला बहुतेक वेळा जास्त जोराने, कारण एकाच खोलीत दिवसरात्र राहून त्याच्या अंगात विषाणूचा मोठा डोस जातो. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांची तर याहून कठीण गत. दहा बाय दहाच्या कोपीत आजारी पोराला वेगळं ठेवायचं म्हणजे ठेवायचं कुठे?

फोड जवळून पाहण्यासारखा असतो. आधी लाल ठिपका. काही तासांत त्यावर पाण्याचा पारदर्शक थेंब धरतो. वैद्यकाच्या पुस्तकांत याला गुलाबाच्या पाकळीवरचं दव म्हणतात आणि टॉर्चच्या तिरप्या उजेडात ते पटतंही. मग पाणी गढूळ होतं, मध्ये खळगा पडतो, खपली येते. नव्या पुटकुळ्या तीन-चार दिवस येत राहतात, त्यामुळे एकाच पोटावर ठिपका, थेंब आणि खपली एकाच वेळी नांदतात. लस न घेतलेल्या मुलाला साधारण २५० ते ५०० पुटकुळ्या येतात. त्यांतल्या काही टाळूवर, पापण्यांवर, तोंडात आणि लघवीच्या जागी. देवीच्या रोगात एका भागावरचे फोड सगळे एकाच वयाचे असत, चेहऱ्यावर आणि हातापायांवर दाट, तळव्यांवरसुद्धा. कांजिण्या पोटापाठीवर दाट. विल्यम हेबर्डन या इंग्रज डॉक्टरने हे दोन आजार वेगळे असल्याचं १७६७ मध्ये स्पष्टपणे मांडलं, आणि १९७० च्या दशकात भारतात गावोगाव देवीचे रुग्ण शोधत हिंडणाऱ्या पथकांनाही हीच खूण शिकवली होती.

हा फरक मी मुद्दाम लांबवून सांगतोय. आपल्याकडे ‘माता आली’ म्हणून जे पाळलं जातं ते मुळात देवीच्या रोगासाठी जमलेलं आहे, दर दहांत तिघांना नेणाऱ्या रोगासाठी. त्या भीतीचं वय संभाजीनगर जिल्ह्यात दगडावर वाचता येतं. अजिंठ्याच्या दोन नंबरच्या लेण्यात हारितीचं देवघर आहे. ही राजगृहाची यक्षी, दुसऱ्यांची लेकरं खाणारी. बुद्धाने तिचंच धाकटं पोर लपवलं तेव्हा ती कळवळली आणि पुढे मुलांची राखणदार झाली, अशी कथा. काठमांडूच्या स्वयंभूनाथला तिची पूजा आजही देवीच्या रोगाची देवता म्हणून होते. अजिंठ्यात तिच्या मांडीवर मूल आहे, शेजारी तिचा नवरा पांचिक, आणि खाली मुलांची शाळा कोरलेली; मास्तरांच्या हातात छडीसुद्धा आहे. आजार देणारी आणि आजारातून राखणारी एकच, हा विचार शीतळादेवीत जसाच्या तसा उतरलेला दिसतो. देवीचा रोग जगातून गेल्याचं मे १९८० मध्ये जाहीर झालं. त्याचं सगळं सोवळं मात्र कांजिण्यांच्या वाट्याला आलं.

त्या सोवळ्यातलं काय ठेवावं? माझी कसोटी साधी आहे: याने लेकराची खाज, ताप आणि फोडांत जंतू शिरण्याचा धोका वाढतो की कमी होतो?

कडुलिंबाची डहाळी ठेवावी. पाल्याने कांजिण्यांचा विषाणू मरतो किंवा आजार लवकर आटोपतो असा भक्कम पुरावा नाही. पण आजी काय करते ते पाहा. पोर कुरकुरलं की ती धुतलेली कोवळी डहाळी घेते आणि पाठीवरून सावकाश, वरून खाली, फिरवत राहते. माणसाच्या केसाळ त्वचेत मऊ आणि मंद स्पर्शासाठीच राखलेले वेगळे तंतू असतात. सेकंदाला एक ते दहा सेंटिमीटर या चालीच्या स्पर्शाला ते सगळ्यात चांगला प्रतिसाद देतात. त्याहून भरभर किंवा त्याहून रेंगाळत फिरवलं की प्रतिसाद घटतो. प्रयोगशाळेत अशा संथ चालीने मऊ ब्रश फिरवला तेव्हा लोकांना खाज कमी झाल्याचं जाणवलं. आईबाप लेकराला कुरवाळतात तेव्हा कुणी न सांगता हाच वेग धरतात, हेही मोजून झालं आहे. डहाळीला नखासारखी धार नाही, आणि ती हातात असली की आजीलाही ‘खाजवू नको’ म्हणत बसण्यापेक्षा बरं काम मिळतं. लेकराच्याच हातात दिली तर आणखी चांगलं; त्याच्या बोटांना काहीतरी उद्योग हवाच असतो. फुटलेल्या फोडांवरून मात्र ती फिरवू नये, आणि हळद-पाला वाटून केलेला लेप ओल्या फोडांवर थापू नये.

आंघोळ बंद ठेवण्याची रीत सोडावी. नखांखाली आणि त्वचेवर नेहमीच जंतू असतात, स्टॅफिलोकॉकस आणि स्ट्रेप्टोकॉकस हे त्यांतले नाठाळ. कांजिण्यांत लहान मुलांना होणारा सगळ्यात नेहमीचा बिघाड म्हणजे ओरबाडलेल्या फोडात हेच शिरून पू होणं. रोज कोमट पाण्याने पाच-दहा मिनिटं आंघोळ, मग पंचाने चोळायचं नाही, टिपायचं. पाण्यात कडुलिंबाचा पाला घालायचा असेल तर घाला, कुणाचं काही बिघडत नाही. नखं दर दोन दिवसांनी कापावीत, रात्री हातांत सुती मोजे चढवावेत. गोधडीत गुंडाळून खिडक्या लावून घेणं हे तर थेट खाजेला आमंत्रण. सैल सुती झबलं, पंखा किंवा कूलर लांबून, आणि लाईट गेली तर कपाळावर, मानेवर, पोटावर ओलं फडकं. गारवा ओळखणारे त्वचेतले तंतू चेतले की खाजेचा निरोप दबतो. डासाच्या चाव्यावर आपण बर्फ धरतो, त्यामागेही हेच आहे.

घरात फोडणी द्यायची नाही, या नेमाची मी तरी थट्टा करणार नाही. तोंडात, टाळ्याला फोड असलेल्या पोराला तिखट-मीठ झोंबतं. दहीभात, पेज, ताक, गार दूध असं बेतानं आणि वारंवार दिलं की झालं. पाणी कमी पडू द्यायचं नाही. दारावर पाला टांगून बाहेरच्यांना आत न घेणं हे तर नुसतं विलगीकरण झालं. त्यातही एक सांगायलाच हवं: दिवस राहिलेल्या बाईने, तिला पूर्वी कांजिण्या झालेल्या नसतील तर, त्या घराकडे फिरकूच नये. नवजात बाळ, कॅन्सरचे उपचार किंवा स्टिरॉइड चालू असलेला माणूस यांनीही.

आता मेडिकलवरून काय आणायचं. तापाला पॅरासिटामॉल, वजनावरून ठरवलेल्या मात्रेत. ॲस्पिरिन अजिबात नाही. कांजिण्यांत ते दिलं तर मेंदू आणि यकृतावर घाला घालणारा राय सिंड्रोम होऊ शकतो. ऑस्ट्रेलियातले डग्लस राय यांनी तो १९६३ मध्ये वर्णिला. किराणा दुकानातल्या डोकेदुखीच्या गोळ्यांत ॲस्पिरिन असू शकतं, म्हणून अर्धी गोळी मोडून देण्याची सवय वाईट. आयबुप्रोफेनही टाळावं, त्याचा संबंध त्वचेच्या गंभीर जंतुसंसर्गाशी दिसून आला आहे. कॅलामाइनचा गुलाबी लेप म्हणजे झिंक ऑक्साइड, त्यात गुलाबी रंगापुरतं लोहाचं ऑक्साइड. सुकताना तो गारवा देतो, बस्स, एवढंच त्याचं काम आणि तेवढं पुरेसं आहे. काही लेपांत डायफेनहायड्रामिन मिसळलेलं असतं, ते फुटलेल्या त्वचेतून अंगात जाऊन लेकराला गुंगी किंवा भ्रम आणू शकतं, तेव्हा बाटलीवरचं वाचून घ्यावं. आणि ‘खाजेची ट्यूब’ म्हणून सर्रास विकल्या जाणाऱ्या मलमांत जोरदार स्टिरॉइड असतं. इथे ती विष समजावी. झोपेसाठी खाजेचं पातळ औषध डॉक्टर देतील तर द्यावं, शेजारच्या घरातली उरलेली बाटली नको. ॲसायक्लोव्हिर हे विषाणूवरचं औषध पुरळ उठल्यापासून २४ तासांत सुरू केलं तर उपयोगी पडतं, पण निरोगी लहान मुलात त्याने साधारण एक दिवसाचाच फरक पडतो. मोठी मुलं, प्रौढ आणि घरातला जोराने फणफणलेला दुसरा रुग्ण यांच्यासाठी डॉक्टर त्याचा विचार करतात.

कन्नडच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा थेट संभाजीनगरला घाटी या सरकारी रुग्णालयात कधी न्यायचं, हे घरातल्या प्रत्येकाला पाठ हवं. ताप चार दिवसांनंतरही हटत नाही किंवा उतरून पुन्हा चढला; एखाद्या फोडाभोवती लाल, गरम, दुखरी सूज पसरतेय; श्वास लागतोय; लेकरू गुंगीत आहे, सारखं ओकतंय, चालताना झोकांड्या खातंय; फोडांत रक्त दिसतंय. यांतलं एकही दिसलं तर सकाळची वाट पाहायची नाही.

अशाच एका आजारपणातून या रोगाची लस निघाली. १९६४ मध्ये मिचिआकी ताकाहाशी हे जपानी विषाणुतज्ज्ञ अमेरिकेत ह्यूस्टनला संशोधन करत होते. त्यांच्या तीन वर्षांच्या मुलाला कांजिण्या झाल्या, साध्यासुध्या नाहीत. ताप चढत गेला, श्वासाला त्रास झाला, आणि विषाणूंवर काम करणारा बाप उशाशी बसून राहण्यापलीकडे काही करू शकला नाही. पोरगं वाचलं. ताकाहाशी ओसाकाला परतले आणि ओका आडनावाच्या दुसऱ्या एका तीन वर्षांच्या मुलाच्या फोडांतून विषाणू मिळवला, माणसाच्या आणि गिनीपिगच्या पेशींमध्ये पुन्हा पुन्हा वाढवून तो नरम केला. १९७४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आले, जपानने १९८६ मध्ये आणि अमेरिकेने १९९५ मध्ये लसीला मान्यता दिली.

भारतात ही लस मिळते, बालरोगतज्ज्ञांची संघटना तिचे दोन डोस सुचवते, पहिला पंधराव्या महिन्याच्या सुमारास. पण सरकारी लसीकरणाच्या वेळापत्रकात ती नाही. उपकेंद्रात आशाताई गोवर-रुबेलाची सुई द्यायला बोलावतात तेव्हा ही तिथे नसते. ती खासगी दवाखान्यात, आणि पैसे मोजून. मजुरी करणाऱ्या घराला दोन पोरांचे चार डोस जड जातात, हे मान्यच. तरी थोरल्याच्या अंगावर पहिले थेंब दिसले आणि एक वर्षावरच्या धाकट्याला ना कांजिण्या झाल्या आहेत ना लस, तर ती अजूनही कामी येऊ शकते: संपर्क आल्यापासून तीन दिवसांत, फार तर पाच. थोरल्याला दाखवायला दवाखान्यात जालच, तेव्हा डॉक्टरांना धाकट्याचंही विचारून घ्यावं.